काळ्याचं बोट न सोडता रंगाकडे

कोळसा, शाई किंवा ग्राफाइटमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला चित्रकार रंगाकडे वळायचं ठरवतो, तेव्हा पहिली फेरी दुकानाची होते. चोवीस ट्यूबांचा डबा येतो, ताणलेला कॅनव्हास येतो. विषयही मनात पक्का असतो: मरणातून जगणं, पुनर्जन्म, पुन्हा फुटणारं काहीतरी. आणि पहिल्याच चित्रात सगळं विस्कटतं. हात तोच, रेषा तीच, पण चित्र जत्रेतल्या पाळण्यासारखं भडक दिसायला लागतं. मग "रंग आपला प्रांत नाही" म्हणून डबा कपाटात जातो.

वास्तविक गडबड रंगाची नसते, टोनची, म्हणजे गडद-फिकटपणाची असते. कोळशात टोन पूर्ण आपल्या ताब्यात असतो. दाबलं की गडद, कापडानं पुसलं की फिकट. ट्यूबमधला रंग मात्र स्वतःचा टोन घेऊनच येतो. लेमन यलो निघतो तोच पांढऱ्याच्या शेजारी बसणारा. त्याला काळं मिसळून गडद करायला जावं, तर तो पिवळा राहतच नाही, शेवाळी हिरवा होतो. उलट थॅलो ब्लू ट्यूबमधून निघतो तो जवळपास काळाच. त्याचा निळेपणा पांढरं मिसळल्यावर किंवा पातळ थर दिल्यावर कळतो. कॅडमियम रेड आणि मधला हिरवा डोळ्याला कितीही वेगळे वाटले तरी टोननं जवळजवळ सारखे, म्हणून शेजारी ठेवले की एकमेकांत भांडतात आणि आकार हरवतो. एक साधी तपासणी आहे: चित्राचा फोटो मोबाईलवर काढा आणि कृष्णधवल करून बघा. कोळशाच्या कामात जी उभारी होती ती या फोटोत दिसत नसेल, तर रंग बदलून काही होणार नाही.

म्हणून माझं सरळ मत आहे की काळं-पांढरं सोडून रंगाकडे जायचं नाही. काळ्या-पांढऱ्यावरच रंग चढवायचा. पुनर्जन्माच्या विषयाला तर दुसरा रस्ताच नाही. आधी काही मेल्याचं दिसलं नाही, तर पुन्हा जन्मल्याचं कसं दिसणार?

फ्रान्सचा ओदिलों रेदों (१८४०–१९१६) या बाबतीत बघण्यासारखा आहे. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्याचं मुख्य काम कोळशात आणि शिळाछापात, म्हणजे निखळ काळ्यात. १८९०च्या दशकात तो पेस्टल आणि तैलरंगाकडे वळला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं फुलं, बुद्ध, अपोलोचा सूर्यरथ असे विषय विलक्षण रंगात केले. पण नीट पाहिलं तर त्या रंगाखाली कोळशाची सवय जिवंत आहे. कोळशाच्या रेखाटनावरच पेस्टल चढवलेली कामंही आहेत. त्याचा पिवळा उजळतो, कारण शेजारी काळं कसं ठेवायचं हे त्याला तोवर पुरतं कळलेलं होतं. आपल्याकडे सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचा काळा बिंदू घ्या. तो बीज आहे, आणि त्यांच्या 'अंकुरण' चित्रांत रंगांच्या पट्ट्या त्या काळ्याभोवती उलगडत जातात. दोघांच्याही कामात काळा ही रंगाची सुरुवात आहे.

प्रतीक शिवारात शोधावं

पुनर्जन्म म्हटलं की कमळ, फुलपाखरू आणि राखेतून उठणारा तो परदेशी पक्षी, हे तिघे न बोलावता येतात. त्यांना बाहेरच ठेवावं. सातारा-सांगलीच्या माणसाला त्यांची गरजच नाही.

तोडणी झालेला उसाचा फड बघा. पाचट पेटवलेलं असेल तर रान अक्षरशः कोळशाचं होतं. पाचट पेटवू नये, सरीत कुजवावं, असं कृषी खातं सांगत असतं आणि ते बरोबरच आहे. तरी पेटवलेली रानं अजून दिसतात. तिथे बुडखे जमिनीलगत छाटतात, पाणी सोडतात आणि काही दिवसांत त्याच बुडख्यांतून फुटवे येतात. हा खोडवा. नवं बेणं लावलेलं नाही, जुन्याच मुळांवर नवा ऊस. कोळशात काम केलेल्या माणसाला याहून आयतं काय हवं?

किंवा हळद. वरची पानं पिवळी पडून वाळतात, झाड मेल्यासारखं दिसतं, आणि खाली गड्डे पोसलेले असतात. काढणीनंतर जेठे गड्डे बेण्यासाठी सावलीत राखतात, आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास ते पुन्हा मातीत जातात. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत, जमिनीत खोदलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. काळ्या जमिनीच्या पोटात पिवळं सोनं, ही चित्राची मांडणी आपोआप तयार आहे.

तासगावकडे ऑक्टोबर छाटणीनंतरची द्राक्षबाग आहेच: इंग्रजी वाय अक्षरासारख्या मांडवावर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, आणि काड्या, पान एकही नाही. घटस्थापनेचा घट आहे. त्यातले अंकुर हिरवे नसतात, कमी उजेडात वाढल्यानं फिकट पिवळे असतात, आणि घट रंगवणारे निम्मे लोक हे न बघता हिरवे काढतात. नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्याच्या बाजूचे लोक नागाची कात विषय म्हणून घेऊ शकतात. कात जवळजवळ रंगहीन, आणि तीतून बाहेर पडलेलं अंग तजेलदार. एकरंगी ते रंगीत हा सगळा प्रवास एकाच प्रतीकात बसतो.

साताऱ्याच्या चित्रकाराला फुलांचं कास पठार आठवणारच. २०१२ साली पश्चिम घाटाच्या यादीतून ते जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून सप्टेंबरमधल्या फुलांचे फोटो इतके झाले आहेत की त्या गालिच्याचं चित्र काढलं की ते कॅलेंडरच होतं. त्यापेक्षा एप्रिलमध्ये जावं. वरून काळवंडलेला जांभा, फुटलेल्या कडेला मात्र गंजासारखा लाल. त्याच कोरड्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पातळ मातीखाली वायतुरा या फुलझाडाचे कंद पावसाची वाट बघत असतात. एप्रिलचा सडा मनात पक्का बसला, की सप्टेंबरचं एक जांभळं फूल पुरतं. हंगामात तिथे प्रवेशाला बंधनं असतात आणि फुलांत बसून चित्र काढणं योग्यही नाही. रेखाटन वाटेवरून करावं, रंगाच्या नोंदी वहीत घ्याव्यात.

खोडव्याचं चित्र: पायरीनं

पुढचं सगळं अ‍ॅक्रिलिकसाठी आहे, २४ बाय ३६ इंचाचा कॅनव्हास धरून. तैलरंगाचं शेवटी थोडक्यात.

तयार कॅनव्हासवरही जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्यावेत, पहिला आडवा, दुसरा उभा. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासावं. मग बर्न्ट सिएनाचा पाण्यात पातळ केलेला हात सगळीकडे फिरवून कापडानं टिपून घ्यावा. कॅनव्हास तांबूस होतो. हा तांबूसपणा पुढे काळ्यातून कुठे कुठे डोकावतो आणि काळं मेलेलं दिसत नाही.

रेखाटन कोळशानंच करावं, पण मग मऊ कापडानं झटकून फक्त खूण राहू द्यावी. कोळशाची भुकटी राहिली तर पहिल्याच ब्रशबरोबर ती रंगात मिसळते आणि सगळे रंग मळकट होतात. रंगात आलेल्या कोळशावाल्यांची ही नंबर एकची तक्रार असते, आणि दोष ते रंगाला देतात. कोळशाची रेघ शेवटपर्यंत दिसायला हवी असेल, तर फूटभर अंतरावरून फिक्सेटिव्हचे (कोळसा पक्का धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन हलके फवारे द्यावेत, मध्ये वाळू द्यावं. एकच जाड फवारा दिला की थेंब ओघळतात.

आता राखाडी. ट्यूबमधला काळा आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी निळसर, थंड आणि निर्जीव असतो. त्याऐवजी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर साधारण निम्मे-निम्मे मिसळले की जवळपास काळा रंग तयार होतो, आणि तो हवा तसा झुकवता येतो: अंबर वाढवला की मातीकडे, निळा वाढवला की राखेकडे. त्यात टायटॅनियम व्हाइट वाढवत पाच टोन करावेत आणि झाकणाच्या डब्यांत भरून ठेवावेत. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, त्यामुळे टोन जुळवताना ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये. कागदाच्या पट्टीवर ठिपका देऊन वाळल्यावर बघावं.

जळलेलं रान सरसकट काळं नसतं. पाचट जिथे पुरतं जळालं तिथे राख, आणि ती थंड फिकट राखाडी. जिथे अर्धवट जळालं तिथे खरं काळं. सरीच्या बगलेला माती, ती तपकिरी. बुडख्यांची छाटलेली तोंडं गवती पिवळी, मध्ये भाजल्याची काळी कड. या चार गोष्टी वेगळ्या ठेवल्या की रान उभं राहतं. क्षितिज वर घ्यावं, तीनचतुर्थांश चित्र रानालाच द्यावं, आणि सऱ्यांच्या ओळी नजरेला आत नेतील अशा ठेवाव्यात.

या पूर्ण राखाडी थरात एक नियम कटाक्षानं पाळायचा. जिथे पुढे रंग चढणार, तिथला भाग शेवटी हवा त्यापेक्षा एक ते दीड टोन फिकट ठेवायचा. रंगाचा प्रत्येक पारदर्शक थर चित्र गडद करत जातो. राखाडीत अचूक दिसणारं चित्र चार थरांनंतर भुयार होतं, आणि मग ते वाचवायला वरून पांढरं मिसळलेले रंग येतात, म्हणजे पुन्हा पाळणा.

फुटव्यांची जागा सगळ्यात महत्त्वाची. काळ्यावर थेट हिरवा लावला तर दोनच गोष्टी होतात. पारदर्शक हिरवा काळ्यात बुडून जातो, आणि अपारदर्शक हिरवा खडूसारखा वर तरंगतो. म्हणून फुटव्याचा आकार आधी टायटॅनियम व्हाइटनं भरावा, दोन हात, पूर्ण झाकेल असा. तो काही काळ चित्रात भुतासारखा पांढरा दिसतो, त्याला घाबरू नये. मग त्यावर पारदर्शक पिवळा, नंतर टोकाकडे हलका हिरवा, आणि बुडाशी क्विनॅक्रिडोन मॅजेंटाचा अगदी पातळ हात, कारण कोवळ्या फुटव्याच्या बुडाला काही जातींत जांभळट झाक असते. उजेड पारदर्शक थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, आणि फुटवा आतून पेटल्यासारखा दिसतो. पांढरं मिसळलेल्या पोपटी रंगानं हे कधीच होत नाही.

थराचं प्रमाण: रंग एक भाग, ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक पातळ करणारं माध्यम) आठ ते दहा भाग. नुसत्या पाण्यानं पातळ केलं तर रंग डबक्यासारखा साचतो आणि वाळल्यावर कडेला गडद रेघ सोडतो. असे तीन-चार थर, प्रत्येक वेळी आधीचा पूर्ण वाळल्यावरच. मीडियम ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळताना पारदर्शक होतं. जुलैच्या साताऱ्यात हवेतच इतकं पाणी असतं की ते स्वच्छ व्हायला बराच वेळ लागतो. त्याआधी दुसरा थर दिला तर ओल आत अडकते आणि पांढुरकं सावट राहतं. उलट एप्रिल-मेच्या सांगलीत थर ब्रशखालीच वाळतो, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की अर्धवट वाळलेली साय उचकटून येते. तिथे काम सकाळी लवकर करावं, पंखा बंद ठेवावा, आणि फार तर रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, दोन-चार थेंब टाकावेत. जास्त टाकलं की पृष्ठभाग चिकट राहतो आणि धूळ धरतो.

कुठला रंग पारदर्शक आहे हे ट्यूबवरच्या छोट्या चौकोनावरून कळतं. रिकामा चौकोन म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. खूण नसेल तर कागदावर काळ्या मार्करची रेघ मारून त्यावरून रंग ओढावा, रेघ जितकी दिसेल तितका तो पारदर्शक. थॅलो, क्विनॅक्रिडोन आणि अल्ट्रामरीन थरासाठी चालतात, कॅडमियम आणि यलो ऑकर चालत नाहीत. आणि थॅलो ग्रीन कधीही एकटा वापरू नये, निसर्गात तसा हिरवा नसतो. थेंबभर बर्न्ट सिएना मिसळला की तो जमिनीवर येतो.

सगळे फुटवे सारखे आणि सगळ्या बुडख्यांना फुटवे असं केलं, की भिंतीवरचा छापील कागद होतो. खऱ्या खोडव्यात नांग्या पडतात, काही बुडखे फुटतच नाहीत. त्या नांग्या चित्रात ठेवाव्यात. पहिल्या चित्रात तर रंग कॅनव्हासच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नकोच.

पिवळ्याची गंमत

हळदीच्या चित्रात वेगळाच घोळ होतो. काळ्या-पांढऱ्या राखाडीवर पिवळा थर दिला की तो हिरवा दिसतो. खोडव्याला हे फायद्याचं, हळदीला घातक. म्हणून पिवळ्याखालची राखाडी गरम हवी, अंबरकडे झुकलेली, सावलीत किंचित जांभळटही चालेल. जांभळट सावलीवर पिवळा शांत होतो, हिरवा होत नाही.

ओला गड्डा कापून टेबलावर ठेवा आणि बघा. साल मातकट राखाडी, तिच्यावर आडवी वलयं, म्हणजे तयार कोळशाचं रेखाटन. आत मात्र गडद केशरी, मध्ये एक वेगळं वर्तुळ, त्याबाहेरची कड जरा फिकट. साल अपारदर्शक राखाडीत, थोड्या कोरड्या ब्रशनं करावी. कापाचा भाग पांढरा करून त्यावर पारदर्शक पिवळ्याचे तीन थर, आणि मधल्या वर्तुळात शेवटी बर्न्ट सिएनाचा एक. खरबरीत आणि पारदर्शक शेजारी आले की गड्डा उजळतो.

प्रतीकच हळद आहे, मग खरी हळदच रंगात वापरावी, असा मोह होतो. वापरू नये. तिचा पिवळा उजेडात भराभर उडतो. खात्री करायची असेल तर हळद लावलेल्या कागदाची अर्धी बाजू काळ्या कागदानं झाकून उन्हाच्या खिडकीत काही आठवडे ठेवा. शिवाय अ‍ॅक्रिलिक माध्यम अल्कधर्मी असतं आणि हळद अल्कात लाल पडते. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं, तीच क्रिया. बाजारच्या गुलालाचंही तेच, उजेडात टिकण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

द्राक्षबागेबद्दल एकच सांगतो, कारण तिचा रंग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. छाटणीनंतर बोर्डो हे बुरशीनाशक मारलेलं असेल, तर काळपट खोडावर आकाशी पावडर बसते, मोरचूद आणि चुन्याची. सालीच्या उंचवट्यांवर जास्त, भेगांत कमी. गडद खोड वाळू द्यावं, मग थॅलो ब्लू, पांढरा आणि कणभर राखाडी घेऊन ब्रश जवळजवळ कोरडा करून नुसता वरवर फिरवावा. फुगलेले डोळे हिरवे करायची घाई नको. या बागेच्या चित्रात आधी येतो तो निळा.

तैलरंग, भिंत, पाऊस

तैलरंगात जायचं तर राखाडी थर अ‍ॅक्रिलिकमध्ये आणि वरचे रंग तेलात, असं चालतं. उलट कधीच चालत नाही. पूर्ण तेलातच करायचं असेल तर खालच्या थरात आयव्हरी ब्लॅक टाळावा. तो सावकाश वाळतो, आणि वरचा थर आधी वाळला की भेगा पडतात. बर्न्ट अंबर लवकर वाळतो, तोच खाली. झिंक व्हाइटही खाली नको, तो कालांतरानं ठिसूळ होतो. खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरात जवसाचं तेल जास्त. तेलातला खोल काळोख कसा बांधलेला असतो हे बघायला परदेशी जायची गरज नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत, फक्त पार्श्वभूमी बघत अर्धा तास उभं राहावं.

प्रदर्शनाच्या वेळी उजेडाचा विचार आधी करा. कृष्णधवल काम कुठल्याही दिव्याखाली निभावून नेतं, रंगीत नाही. सभागृहांतल्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पिवळा हिरवट दिसतो, २७०० च्या पिवळ्या बल्बखाली निळा मरतो. ४००० केल्विनच्या आसपासचे आणि रंग नीट दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे दिवे असतील तर उत्तम. ते मिळत नसतील, तर निदान घरी शेवटचा हात सभागृहात असेल तसल्याच दिव्याखाली द्यावा.

व्हार्निश चकचकीत घ्यावं. मॅटनं काळा राखाडी होतो आणि सगळी मेहनत एक टोन वर सरकते. झळाळी नकोच असेल तर मॅटची बाटली आधी सावकाश ढवळून घ्या, तळाला बसलेला भाग एकाच जागी आला की गडद रानावर दुधाळ डाग पडतात. बाटली जोरात हलवली तर बुडबुडे होतात. तैलचित्राला व्हार्निशसाठी किमान सहा महिने थांबावं.

पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नये, मागून बुरशी धरते, दोन इंच फट हवी. आणि सांगलीत तळमजल्यावर स्टुडिओ असेल तर जूनपूर्वीच चित्रं वर हलवावीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फुटांची इशारा पातळी आली की मग गाडी, माणसं, दोरी काहीच वेळेवर मिळत नाही. २००५ आणि २०१९चे महापूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वर नेताना चित्रं तोंडाला तोंड लावून रचू नयेत. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावरही उष्णतेत मऊ पडतं आणि एकमेकांना चिकटतं, मध्ये बटर पेपर नव्हे तर सिलिकॉनचा कागद घालावा.